वाकणारं अवजार हाताला सोपं कसं होतं? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतलं यांत्रिक मनगट

पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशय काढणं, ही ऑपरेशनं मराठवाड्यात आता जिल्ह्याच्या गावीसुद्धा दुर्बिणीने होतात. पोटावर ५ ते १२ मिलिमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात, आत कार्बन डायऑक्साइड भरून साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाने पोट फुगवतात. एका छिद्रातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून ५ मिलिमीटर जाडीची, ३३ ते ३६ सेंटिमीटर लांब, सरळ दांड्याची अवजारं. धरणं, कापणं, क्लिप लावणं या सरळ अवजारांनी उत्तम होतं. गाडं अडतं ते टाके घालताना.

कारण छिद्र हा तरफेचा टेकू आहे. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं, हात वर नेला की टोक खाली. शिवाय हे प्रमाण खोलीनुसार बदलतं. दांडा १६ सेंटिमीटर आत आणि २० बाहेर असेल तर हाताच्या १० मिलिमीटर हालचालीला टोक आठ मिलिमीटर सरकतं. तोच दांडा २४ आत आणि १२ बाहेर असेल तर २० मिलिमीटर. सर्जन सरावाने हे अंगवळणी पाडतात. पण सरळ अवजाराला मुळात चारच हालचाली मिळतात: डावी-उजवी, वर-खाली, आत-बाहेर आणि स्वतःभोवती फिरणं. टोकाच्या चिमट्याची, म्हणजे जबड्याची, उघडझाप वेगळी. आपल्या मनगटाच्या दोन हालचाली, म्हणजे पुढे-मागे आणि कडेकडेने वाकणं, छिद्राबाहेरच राहतात.

वाकडी सुई मात्र मनगटच मागते. २६ मिलिमीटर लांबीची अर्धवर्तुळाकार सुई घेतली तर तिच्या वर्तुळाची त्रिज्या सव्वाआठ मिलिमीटर येते. सुई त्याच वर्तुळात फिरली तर ऊतीत स्वच्छ वाट पाडते. जराही आडवी ओढली गेली तर ऊती फाटते नाहीतर सुई वाकते. टाक्यांची ओळ छिद्राच्या सोयीची असेल तर सरळ निडल होल्डरने, म्हणजे सुई धरायच्या अवजाराने, भागतं. पण हर्नियाची जाळी बसवल्यावर तिच्यावरचा पोटाचा आतला पडदा शिवायचा म्हणजे पोटाच्या पुढच्या भिंतीला आतून, वरच्या दिशेने टाके घालायचे. तिथे दांड्याचं टोक वर वळलंच पाहिजे.

मग टोकाला मनगट बसवलं की झालं, असं वाटतं. टोक वाकवणं खरोखरच फार अवघड नाही. अवघड आहे ते सर्जनने दिशेचा हिशेब न करता ते हव्या बाजूला, हवं तेवढंच वाकणं. आमच्या मते हे दोनच गोष्टींवर ठरतं: हात नेमका कोणत्या बिंदूभोवती फिरतो, आणि हाताने दिलेली हालचाल टोकापर्यंत जाताना किती हरवते. अवजाराला किती हालचाली आहेत हा आकडा माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात असतो. हाताला पडणाऱ्या फरकात त्याचा वाटा त्यामानाने लहान आहे.

हात कुठे फिरतो

बिनमोटारीच्या वाकत्या अवजारात रचना अशी असते: दांड्याच्या टोकाला एक वाकणारा सांधा, हँडलजवळ दुसरा, आणि दोन्हींना जोडणाऱ्या चार तारा, घड्याळातल्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी. हँडल वाकवलं की एका बाजूची तार ओढली जाते, समोरची सैल सुटते आणि टोक वळतं. तत्त्व सायकलच्या ब्रेकचंच आहे.

आता तारा कशा नेल्या यावर दिशा ठरते. १२ च्या जागची तार सरळ १२ च्याच जागी नेली तर हँडलची मागची बाजू वर उचलल्यावर टोक खाली वळतं. अवजाराचा आकार पसरलेल्या झेडसारखा होतो आणि हँडल व टोक एकमेकांना समांतर राहतात. म्हणजे हँडल जिकडे रोखलेलं, टोकही तिकडेच रोखलेलं. तारा अर्धा पीळ देऊन नेल्या, १२ ची तार ६ च्या जागी आणली, तर दोन्ही टोकं एकाच बाजूला वळतात आणि आकार सी सारखा होतो. दोन्ही प्रकारच्या रचना करता येतात. आमचा कौल समांतर रचनेला आहे. सर्जनची नजर स्क्रीनवर असते, हँडलवर नसते. अशा वेळी ‘माझी मूठ जिकडे, टोक तिकडे’ एवढा एकच नियम हाताला पुरतो. छिद्रामुळे दांड्याची हालचाल आधीच उलटी झालेली असते, त्यात वाकण्याचीही उलटापालट झाली की दोन हिशेब एकदम करावे लागतात.

दिशा बरोबर असूनही अवजार बेढब वाटू शकतं. हँडलजवळचा सांधा बहुधा मुठीच्या पुढे असतो, समजा मनगटापासून ८० मिलिमीटर पुढे. त्या सांध्यात ४० अंश वाकवायचे तर मनगट जागेवर ठेवून चालत नाही. मनगट सांध्याभोवती कमानीत फिरतं आणि सुमारे ५१ मिलिमीटर बाजूला सरकतं. सर्जनला फक्त टोक वळवायचं होतं, पण अख्खा हात दोन इंच हलवावा लागला. हात हलताना दांडा छिद्राभोवती तसूभरही हलू द्यायचा नाही, हे काम कोपर आणि खांद्यावर येऊन पडतं. ‘टोक थरथरतं’ अशी तक्रार पुष्कळदा इथून येते. अशा अवजारात तारा बदलून उपयोग नसतो, दोष भूमितीतला असतो.

यावर मिशिगन विद्यापीठात शोर्य आवतार आणि सर्जन जेम्स गायगर यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या फ्लेक्सडेक्स या अवजारातली कल्पना फार नेटकी आहे. अवजाराची चौकट सर्जनच्या हाताला मनगटाच्या मागे बांधतात. दांडा त्या चौकटीला जोडलेला, त्यामुळे तो कोपरापासूनच्या हाताबरोबर जातो. हँडल लवचिक पट्ट्यांवर असं टांगलेलं असतं की त्याचे फिरण्याचे दोन्ही अक्ष सर्जनच्या मनगटाच्या आत छेदतात. तिथे कोणताही भाग नसतो, फक्त फिरण्याचा काल्पनिक मध्य असतो. परिणामी हात हलवला की दांडा हलतो, मनगट वळवलं की टोक वळतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींत मिसळत नाहीत. यात मोटार नाही, संगणक नाही.

रोबोटने हीच गाठ वेगळ्या पद्धतीने सोडवली. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेल्या दा विंची यंत्रात सर्जन वेगळ्या जागी बसून हँडल फिरवतो आणि संगणक छिद्राची उलटापालट गणिताने सुलटी करतो. अवजारं साधारण ८ मिलिमीटर जाड असतात आणि टोकाला पूर्ण मनगट असतं. पण अशा यंत्राची किंमत कोटींत जाते. तालुक्याच्या गावच्या दवाखान्यासाठी हाताने चालणाऱ्या चांगल्या अवजाराची गरज म्हणूनच राहते.

प्रमाणाचा एक मुद्दा इथेच उरकू. मनगट पुढे-मागे ७०-८० अंश वाकतं, पण अंगठ्याच्या बाजूला जेमतेम २० अंश. टोकाला ६० अंश हवे असतील तर एकास एक प्रमाण सगळ्या दिशांना जमणार नाही. तारेची सरक म्हणजे सांध्याच्या मध्यापासून तारेचं अंतर गुणिले कोन. टोकाशी हे अंतर २ मिलिमीटर आणि हँडलशी ४ मिलिमीटर ठेवलं की हँडलच्या ३० अंशांना टोक ६० अंश वळतं. त्याची किंमत अशी की हाताला दुप्पट जोर लागतो आणि हाताचा कंपही टोकाशी दुप्पट दिसतो. दोनाच्या पुढे जाऊ नये.

तारेत हरवणारी हालचाल

सर्जनला ‘प्ले’, म्हणजे ढिलाई, जाणवते म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. टोकाचा सांधा आणि जबड्याचं टोक यांत ८ मिलिमीटर अंतर आहे आणि टोकावर आडवा ५ न्यूटन, म्हणजे साधारण अर्धा किलो, भार आला. सांध्यावर ४० न्यूटन-मिलिमीटरचा वळवणारा जोर आला. तार मध्यापासून २ मिलिमीटरवर, म्हणजे तारेत २० न्यूटन ताण. तार ०.४ मिलिमीटर जाडीची, सात पदरांची पिळलेली स्टीलची, ४०० मिलिमीटर लांब. पिळलेल्या तारेत धातू पूर्ण गोलाच्या सुमारे ५७ टक्केच असतो. हिशेब केला की तार ०.५८ मिलिमीटर ताणली जाते. हे किरकोळ वाटतं, पण २ मिलिमीटर त्रिज्येवर ०.५८ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १७ अंश. सर्जनचं हँडल जागेवर आणि टोक १७ अंश मागे रेटलेलं. पिळाची मूळची ढील यात धरलेली नाही, ती वेगळीच.

उपाय साधा आहे. तारेला लवचिकपणा फक्त वाकणाऱ्या भागात हवा असतो. सरळ दांड्यातल्या ३३० मिलिमीटरला १ मिलिमीटर जाडीची भरीव सळई वापरावी आणि पिळलेली तार दोन्ही टोकांना मिळून ७० मिलिमीटर ठेवावी. तोच २० न्यूटनचा हिशेब आता ०.१५ मिलिमीटरच्या आत येतो, म्हणजे साधारण ४ अंश. समोरासमोरच्या तारा आधीच १० न्यूटनला ताणून बसवल्या तर दोन्ही तारा मिळून भार घेतात आणि हा आकडा निम्म्यावर येतो. १० न्यूटन का? तर कामाच्या ताणाच्या निम्मा. त्याहून कमी ठेवला तर ऐन भाराखाली एक तार सैल पडते आणि दिशा बदलताना हँडल काही अंश नुसतंच फिरतं.

ताण वाढवत नेला की दुसरा शत्रू पुढे येतो, घर्षण. वळणावरून जाणाऱ्या तारेचं घर्षण वळणाच्या एकूण कोनानुसार चक्रवाढीने वाढतं. घर्षणांक ०.१५ असेल तर ९० अंशांच्या एकूण वळणाला २७ टक्के जास्त ओढ लागते, १८० अंशांना ६० टक्के. हँडल ३० आणि टोक ६० वळलं की ९० झालेच. याचा हाताला लागणारा परिणाम नुसत्या जडपणापुरता नाही. टोक आधी हलत नाही आणि मग एकदम झटक्याने सुटतं. सुई ऊतीच्या तोंडाशी असताना हा झटका घातक ठरतो. टेफ्लॉनची नळी घातली की बराच फरक पडतो, पण खरा फरक भोकाच्या कडेने पडतो. वाकणाऱ्या सांध्यातल्या मणक्यांसारख्या लहान चकत्यांना ०.४५ ते ०.५ मिलिमीटरची भोकं पाडल्यावर कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कड, राहतो. तो बर तारेचा एकेक बारीक धागा कापत जातो. भोकाच्या दोन्ही तोंडांना ०.२ मिलिमीटरची गोलाई द्यावी, इलेक्ट्रोपॉलिश करावं, म्हणजे द्रावणात विजेने गुळगुळीत करावं, आणि दहापट भिंगाखाली एकेक भोक बघावं. आणि भोक फार ढिलंही नको: तार ०.१ मिलिमीटर आत सरकली तर २ मिलिमीटरवर पाच टक्के कोन चुकतो.

नवी तार तशीच बसवू नये. तुटण्याच्या ताणाच्या ६० टक्के भार काही वेळा देऊन पीळ बसवून घ्यावा, नाहीतर पहिल्या काही ऑपरेशनांतच ताण उतरतो.

मधली तार

जबडा उघडझाप करणारी तार वाकणाऱ्या सांध्यातूनच जाते, आणि तिथे बहुतेकांचा पहिला नमुना फसतो. ती बरोबर मध्यातून गेली पाहिजे. समजा ती ०.३ मिलिमीटर बाजूला आहे. टोक ६० अंश वाकलं की तिची वाट ०.३१ मिलिमीटरने बदलते. जबड्याची पूर्ण उघडझाप दीड मिलिमीटरात होत असेल तर पाचवा हिस्सा नुसत्या वाकण्यानेच झाला. सर्जन टोक वळवतो आणि जबडा आपोआप सैल होऊन सुई घसरते.

उलटंही घडतं. सुई घट्ट धरायला मधल्या तारेत ६० न्यूटन ओढ दिली, तर ०.३ मिलिमीटरच्या चुकीने सांध्यावर १८ न्यूटन-मिलिमीटरचा वळवणारा जोर येतो. जबड्याच्या टोकाशी तो सव्वादोन न्यूटन होतो. म्हणजे ज्या क्षणी सुई आवळली, त्याच क्षणी टोक बाजूला सरकलं. असं अवजार टेबलावर रिकामं हलवून पाहिलं तर निर्दोष वाटतं. म्हणून तपासणी नेहमी सुई धरूनच करावी.

टोक वाकलेलं असताना ते स्वतःच्या अक्षाभोवती फिरवणं ही टाक्याची शेवटची गरज. त्यासाठी एकच क्रॉस-जॉइंट, म्हणजे अधिक-चिन्हासारख्या तुकड्यावर दोन दिशांना वाकणारा सांधा, वापरला तर ६० अंशांत टोकाचा वेग एका फेरीत निमपट ते दुपटीपर्यंत बदलतो. ३० अंशांत तोच ०.८७ ते १.१५ पट राहतो. दोन जॉइंट अर्धा-अर्धा कोन वाटून, योग्य मांडणीने बसवले की चढउतार एकमेकांना खोडतात. समांतर रचनेच्या चार तारांना हे आपसूक साधतं: वाकण्याची दिशा तशीच ठेवून हँडल फिरवलं की तारा आळीपाळीने ओढल्या-सुटल्या जातात आणि टोक एकसारखं फिरतं. फक्त चारही तारांचा ताण सारखा हवा. एक जरी कमी-जास्त असली तरी प्रत्येक फेरीत ठरावीक जागी अडखळ लागते.

वाकणारा भाग कशाचा करायचा यावर थोडक्यात. पिनांवर फिरणारे दोन सांधे भार चांगला घेतात पण ५ मिलिमीटरमध्ये पिना फार बारीक होतात. अनेक चकत्यांची लांब साखळी सुंदर वाकते, पण आडवा भार आला की एसच्या आकारात मोडते, कारण तारा फक्त शेवटचा कोन बांधतात, मधला आकार नाही. साखळी आखूड ठेवावी. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात पॉल ब्रेडवेल्ड यांच्या गटाने माखल्याच्या बाहूंवरून प्रेरणा घेऊन तारांचं अख्खं कडंच एकमेकींना खेटून बसवलं, म्हणजे प्रत्येक तारेला शेजारची तारच वाट देते. तिसरा मार्ग खाचा पाडलेल्या निटिनॉल (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) नळीचा. अर्धा मिलिमीटर जाडीची सळई १० मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर बाहेरची बाजू अडीच टक्के ताणली जाते. स्प्रिंग स्टील एवढ्यात कायमचं वाकतं, निटिनॉल सहा ते आठ टक्क्यांतूनही परत येतं. खाचेचे कोपरे धारदार ठेवले तर मात्र चीर तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे काय करता येईल

छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांच्या सुट्या भागांसाठी जी वायर-कट, सीएनसी आणि डाय-मेकिंगची हातोटी आहे, ती या कामाला थेट लागू पडते. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंगजी संस्थेसारख्या ठिकाणी यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. सुरुवात ५ मिलिमीटरवर करू नये, चौपट मोठ्या नमुन्यावर करावी. २० मिलिमीटरची विजेच्या फिटिंगची पाइप म्हणजे दांडा, ८ मिलिमीटर त्रिज्येवर भोकं पाडलेल्या नायलॉनच्या चकत्या म्हणजे सांधा, आणि सायकलच्या ब्रेकची दीड मिलिमीटरची तार ही ०.४ च्या तारेची जवळपास चौपट. कोन मापाने बदलत नाही, म्हणून दिशा, प्रमाण आणि मधल्या तारेची चूक या नमुन्यात तंतोतंत दिसते. तारेचा ताण तपासायचा असेल तर भार चौपट नाही, सोळापट लावावा: ५ न्यूटनच्या जागी ८० न्यूटन, म्हणजे सुमारे आठ किलो.

लहान नमुना झाला की दांडा पक्का आवळावा, टोकामागे कोनमापक लावावा, हँडल एका बाजूला ३० अंश नेऊन शून्यावर आणावं आणि टोक शून्यापासून किती दूर राहिलं ते लिहावं. मग दुसऱ्या बाजूने तेच. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हरवलेली हालचाल. आम्ही ५ अंशांवर रेघ ओढू. हीच मोजणी ५ न्यूटन भाराखाली, सुई धरून, आणि वाफेच्या निर्जंतुकीकरणानंतर पुन्हा करावी.

निर्जंतुकीकरणाचा विचार ड्रॉइंग काढतानाच करायचा असतो. पिळलेल्या तारेच्या पदरांत रक्त वाळलं की ते निघत नाही. म्हणून दांड्याला पिचकारी लावता येईल असं तोंड ठेवावं. आधी थंड पाण्याने धुवावं, कारण ४५ अंशांच्या वरच्या पाण्यात रक्तातली प्रथिनं गोठून चिकटतात. मग एन्झाइमच्या द्रावणात बुडवून सांधा सगळ्या दिशांना हलवत आतून धार सोडावी. मराठवाड्यात पुष्कळ दवाखाने बोअरच्या पाण्यावर चालतात आणि ते पाणी जड असतं. त्यातले क्षार सांध्यात पांढरे थर धरतात, क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतं, आणि ‘अवजार जड झालं’ म्हणून तारेला दोष दिला जातो. शेवटची धुणी आरओच्या किंवा क्षारमुक्त पाण्याने करावी. आत ओल राहिली तर वाफ पोचत नाही, म्हणून हवेने फुंकून, हँडलचं लॉक सोडून, टोक सरळ ठेवून १३४ अंशांवर किमान ३ ते ४ मिनिटं. तेल घालू नये, वाफ तेलाच्या थराआड जात नाही. पाण्यात विरघळणारं वंगणच वापरावं.

बारीक चाकांवरून तार सतत वळत असेल तर तिचं आयुष्य मर्यादितच राहतं. ०.४ च्या तारेला निदान ६ मिलिमीटरचं चाक हवं, आणि ५ मिलिमीटरच्या नळीत ते मावत नाही. काही रोबोटिक अवजारांत वापराची संख्या आतच मोजली जाते ती याचसाठी. हाताच्या अवजारात तारांचा संच बदलता येईल अशी रचना ठेवावी आणि बदलायची वेळ वापरांत ठरवावी, तार तुटण्याची वाट बघू नये.

विक्रीसाठी बनवायचं तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. अ आणि ब वर्गातल्या ज्या उपकरणांना परवाना लागतो त्यांना तो राज्याकडून मिळतो, क आणि ड वर्गाला केंद्राकडून.

शेवटी अवजार सर्जनच्या हातात द्यावं, पण आधी काही समजावून सांगू नये. सरावाच्या पेटीत फोमच्या तुकड्यावर, पेटीच्या वरच्या बाजूला, एक टाका घालायला सांगावं आणि स्क्रीनचं चित्रण ठेवावं. किती वेळ लागला यापेक्षा टोक चुकून कोणत्या दिशेला गेलं ते मोजावं. वेगवेगळ्या सर्जनच्या हातून चूक एकाच दिशेला होत असेल तर दोष तारांच्या मांडणीत किंवा फिरण्याच्या मध्यात आहे, हँडल बदला. चुका चहूबाजूंना विखुरलेल्या असतील तर हालचाल कुठेतरी हरवते आहे, तारांचा ताण आणि भोकं तपासा. आणि चूक फक्त सुई आवळतानाच होत असेल, तर मधली तार मध्यातून जात नाही.